तिसऱ्या नेटचे नऊ फटके

ज्या रबरी चटईवर मी रोज पहाटे पाठ टेकतो, तिची दुकानातली किंमत बॅटच्या दोन ग्रिपांहून जास्त नाही. मला ती पडली अशी: पुढचे दोन दात, एक भागीदार, मुलीच्या लग्नातलं बापाचं भाषण आणि धाकट्या भावाचा शब्द. दात बसवून घेतले. भागीदार गेला ते बरंच झालं. भाषण मुलीने मागाहून दुकानात म्हणवून घेतलं, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. राहिला भावाचा शब्द. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीची वाटणी अर्ध्या कागदावर मावली असती.

तर लिहून ठेवतो की मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बॅटी घडवणे व दुरुस्त करणे, आजच्या तारखेला पूर्ण शुद्धीत आहे. अठरा वर्षांपूर्वी हे वाक्य मला शपथेवर लिहिता आलं नसतं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी भरीस पाडलेलं नाही. बायको मागे उभी आहे ती फक्त शुद्धलेखन बघायला. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिलं रागात केलं होतं, दुसरं प्यालेलो असताना. आणि दुसरंच जास्त उदार होतं हे कबूल करतो.

कलम १. राहतं घर, त्यातल्या सर्व वस्तूंसह, माझ्या पश्चात पत्नीच्या निर्वेध मालकीचं राहील. खरं तर ते आधीपासून तिचंच आहे. मी पीत होतो तेव्हा तिने माझी खाट उचलून कारखान्यात आणून टाकली, आणि मी दोन वर्षं विलो लाकडाच्या भुश्शात झोपलो. तक्रार करायला गेलो तर म्हणाली, "घरात माणसं राहतात. माणूस झालात की या." झालो आणि गेलो. त्या खाटेचा एक पाय आखूड आहे, तोही तिलाच.

कलम २. खालचं दुकान व कारखाना, त्यातली प्रेस, रंधे, हातोडे, दोऱ्याची रिळं आणि नाव, हे सर्व मुलीला. ती धंदा माझ्याहून बरा करते. मी गिऱ्हाइकाला बॅट देत असे, ती गिऱ्हाइकाला गरज देते. फक्त दुकानाच्या दारावर टांगलेली सहा फुटी शोभेची बॅट तिने खाली उतरवून करवतीने कापावी. ती आतून पोकळ आहे. मी स्वतः पोकळ केली, आणि आत काय असायचं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तोंडाचा वास लपवायला मी दिवसभर जवसाच्या तेलाचा बोळा हाताशी ठेवत असे. लोक म्हणत, काय हो, केवढा मेहनती माणूस, सदा बॅटीला तेल लावत असतो.

इथे उठलो होतो. हे लिहिताना आतापर्यंत चार वेळा उठलो. मला एका जागी बसवत नाही, हे वकिलांनी माझ्या अक्षरावरून ओळखलंच असेल.

कलम ३. कारखान्यावरची मोठी खोली, जिथे योगाचा वर्ग चालतो, ती वर्ग चालेल तोवर बाईंना विनाभाडे द्यावी. बाई म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन. त्या भाडेकरू म्हणून आल्या, जमिनीची फळी डुगडुगते म्हणून खाली तक्रार करायला उतरल्या, आणि घरमालक त्यांना भुश्शात पालथा सापडला. त्यांनी फळीचा विषय काढला नाही. नाडी मोजली, इस्पितळात नेलं. अकरा दिवसांनी बाहेर आलो तेव्हा म्हणाल्या, उद्या साडेपाचला वर या.

लोक मला विचारतात, योगाने दारू सुटते का हो? बाईंचं उत्तर लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी माझ्या नावाने जाहिरात करील. त्या म्हणतात, "दारू डॉक्टरांनी सोडवली. मी फक्त सकाळ रिकामी राहू दिली नाही."

मला सगळी आसनं जमली, शवासन जमलं नाही. डोळे मिटले की कान उघडतात. कोणाच्या पोटात काय चाललंय, कोणाचा श्वास काल रात्री चुकला, हे मला प्राणायामात नाकाच्या आवाजावरून कळतं. अंग चुळबुळ करतं. बाई म्हणाल्या, "प्रेत होता येत नसेल तर लाकूड व्हा. लाकडाची तुम्हाला सवय आहे." तेव्हापासून मी लाकूड होतो. साधारण दीड मिनिट.

कलम ४. आता धाकटा.

माझा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मैदानावर त्याला सरकार म्हणत, आणि ते उगाच नाही. त्याची प्रत्येक बॅट मी घडवली. लाकूड निवडताना मी हातोड्याने ठोकतो आणि ऐकतो, म्हणून मला ठोक्या हे नाव पडलं. माझा कान या शहरातल्या कोणत्याही डोळ्यापेक्षा भरवशाचा आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो.

तो एक्केचाळीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. गुडघा गेलेला, पिणं वाढलेलं, आणि संघात एक शेवटचा मोसम त्याला हवा होता. क्लबच्या निवड समितीत आम्ही तिघं: मी, एक कॉलेजचे क्रीडाशिक्षक आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे एकेकाळचे फिरकी गोलंदाज. त्यांचं म्हणणं, जुनं घड्याळ भिंतीवर शोभतं, त्याला वेळ विचारू नये. मी म्हटलं, तुमचा चेंडू वळायचा थांबल्यावर तुम्ही चार वर्षं खेळलात, तेव्हा कोणी कोणाला वेळ विचारत होतं? शिक्षक हसले, अध्यक्ष हसले नाहीत. जागा एकच उरली होती. तिच्यासाठी दुसरा उमेदवार होता तो दुधाच्या गाडीवर काम करणारा, बावीस वर्षांचा एक डावखुरा.

चाचणीच्या सकाळी तीन नेट लावली होती आणि आम्ही तिघांनी एकेक वाटून घेतलं. तिसरं माझं. यादीत तिथे धाकट्याचं नाव होतं. मी नेटकडे पाठ करून उभा राहिलो आणि नुसतं ऐकलं. नऊ फटके. नऊच्या नऊ बॅटच्या मधोमध, जिथून आवाज येतो तो लाकडाचा नसतोच, तो भरलेल्या रांजणावर टिचकी मारल्यासारखा असतो. ती बॅट माझ्या हातची, तो आवाज मी झोपेत ओळखीन. दुपारच्या बैठकीत मी हात वर केला. शिक्षकांनी माझ्या कानावर विश्वास ठेवून केला. धाकटा संघात आला, डावखुरा घरी गेला. भावाला घेतलं असं लोक बोलले. मी छातीठोक सांगत आलो आहे, आजही सांगतो: मी भाऊ निवडला नाही, मी नऊ फटके निवडले.

यादी लागली त्या संध्याकाळी धाकटा कारखान्यात आला. मला वाटलं, पाया नाही पडला तरी चहा तरी पाजेल. तो म्हणाला, "दादा, उपकार करायचे तर निदान विचारून करायचे."

मी म्हटलं, "उपकार कसले? पाठ वळवून ऐकलंय मी. नऊच्या नऊ."

तो हसला, ती बॅट टेबलावर ठेवली आणि गेला. पुढे तो दुसऱ्याची बॅट घेऊन खेळला. पहिल्या सामन्यात शून्य, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात स्लिपमध्ये दोन झेल सोडले आणि लोकांनी सावकाश टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो लपून प्यायचा ते उघड्यावर पिऊ लागला. माझ्याशी अठरा वर्षं बोललेला नाही. ज्याने पान वाढलं त्याच्यावरच रुसायचं, ही कुठली रीत?

तरीही लिहितो. वर्गाच्या मागची खोली, मोरी व खिडकीसह, धाकट्याला तहहयात राहण्यासाठी. अटी दोन. एक, त्याने सलग चाळीस सकाळी बाईंच्या वर्गात चटईवर पाठ टेकावी, आदल्या रात्री न पिता. प्यायला की नाही ते बाई ठरवतील. दोन, त्याने एका कागदावर लिहून सही करावी की, "मला संघात माझ्या त्या दिवसाच्या खेळावर घेतलं, दादाने दया म्हणून नव्हे." हा कागद मिळाल्याखेरीज खोलीची किल्ली देऊ नये.

या कलमाची घाई का, तेही सांगतो. वर जायच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. गेले पाच आठवडे, रोज सकाळी वर्ग सुरू झाल्यावर, कोणीतरी जिना चढतं. डावा पाय ओढत. अकराव्या पायरीवर थांबतं. आत सगळे शवासनात असतात, मी एकटा ऐकत असतो. मग ती पावलं उतरून जातात. सहा पायऱ्या उरल्यात. मी एकाहत्तरचा, तो एकोणसाठचा, आणि त्याचं यकृत माझ्याहून म्हातारं आहे, असं बाईच म्हणाल्या. उठून दार उघडावं असं रोज वाटतं. पण चूक त्याची, यायचं त्याने, म्हणून मी लाकूड होऊन पडून राहतो.

कलम ५. त्याने टेबलावर ठेवलेली ती बॅट क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवावी आणि खाली पट्टी लावावी: "नऊ फटके".

कलम ६. अध्यक्षांनी एकोणीस वर्षांपूर्वी माझी एक कानस नेली आहे. ती त्यांनी ठेवून घ्यावी. मात्र ती माझी आहे, हे त्यांना पत्राने कळवावं, आणि पत्रावर पोच घ्यावी.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. साक्षीदार दोन: समोरचे औषधवाले, आणि तोच डावखुरा. आता त्याच्या स्वतःच्या तीन गाड्या आहेत, रोज सकाळी खाली दूध टाकतो. माझ्याबद्दल त्याच्या मनात काही असेल तर सहीच्या निमित्ताने निघून जाईल, हा हेतू.

पुरवणी, त्याच दिवशी, सहीपूर्वी.

औषधवाले न वाचताच सही करायला तयार झाले. डावखुरा दुधाच्या पावतीवरची बारीक अक्षरंही वाचतो. मी म्हटलं, साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, मजकूर नाही. तो म्हणाला, "काका, नाव माझं लागणार ना?" आणि वाचत बसला. चौथ्या कलमापाशी त्याने पेन खाली ठेवलं.

"हे असं नाही झालं, काका."

मग त्याने सांगितलं. मी दोनदा विचारलं, त्याने दोनदा तेच सांगितलं. इतकी वर्षं बोलला का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, "वाटलं तुम्हाला माहीत असेल. घरचं माणूस घेतलंत, समजून घेतलं."

त्याने जे सांगितलं ते त्यानेच सहीखाली आपल्या हाताने लिहावं. माझ्या हाताने मी माझा भाग लिहितो, जो मी अठरा वर्षं कोणालाही सांगितला नाही. त्या सकाळी मी नेटकडे पाठ केली ती कानाच्या भरवशावर नव्हे. आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती आणि उन्हाकडे बघवत नव्हतं. पाठ वळवली आणि मग तिची कर्तबगारी केली.

सबब, कलम ४ मधली दुसरी अट मी याद्वारे खोडली आहे. जे लिहून दे म्हणून मी त्याला अडवत होतो, ते तो प्रामाणिकपणे लिहूच शकला नसता. पहिली अट ठेवतो, पण किल्लीशी तिचा संबंध नाही. किल्ली आजच द्यावी. कलम ५ रद्द. बॅट धाकट्याला परत. ती पुढे कोणाला द्यायची ते त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मी डावखुऱ्याला काही ठेवू गेलो, तर वकील म्हणतात साक्षीदाराला देता येत नाही. म्हणजे माझ्या हातून त्याचं काहीतरी जाण्याची ही दुसरी वेळ.

धाकट्या, मी तुझ्यावर दया केली नव्हती. दया करण्याइतका मी त्या दिवशी शुद्धीवर नव्हतो. मी चुकलो होतो, आणि तुला वाटत राहिलं की मी सगळं जाणून भीक घातली.

हे मी मेल्यावर वाचून दाखवायचं होतं. तसं आता चालणार नाही. याची एक प्रत उद्या वर्गाआधी अकराव्या पायरीवर ठेवतो, उडू नये म्हणून वर हातोडा. आणि शवासनात पाऊल वाजलं की उठून दार उघडतो. ती पावलं त्याचीच आहेत, हे मी आता खात्रीने सांगू शकत नाही. बघावं लागेल.

स्थळ: कारखान्यावरची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: ६ फेब्रुवारी, गुरुवार.

लिहून देणार: (सही) ठोक्या, बॅटवाला

साक्षीदार १: (सही) समोरचे औषधवाले. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. हात स्थिर होता.

साक्षीदार २: (सही) दूधवाला, डावखुरा. सही माझ्यासमोर केली. काकांनी सांगितल्यावरून लिहितो: चाचणीच्या सकाळी सरकारांचे हात थरथरत होते. माझी बॅट फुटकी होती म्हणून त्यांनी आपली मला दिली आणि त्यांच्या पाळीला मला आत पाठवलं. ते नऊ फटके मी मारले. सरकार रोलरवर बसून होते. त्या दिवशी ते एकही चेंडू खेळले नाहीत.