आमचा कव्हरांचा कारखाना

ती. आत्यास,

नमस्कार. (वाकून केला आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं आजोबांनी बजावून लिहायला सांगितलंय, आणि तू ऐकणार नाहीस हेही त्यांनीच सांगितलंय. इकडे बाकी सगळे ठणठणीत आहेत, फक्त बाबांचं मन थाऱ्यावर नाही. पाट्या रंगवायचं दुकान बंद केल्यापासून (हल्ली सगळ्यांना यंत्रावर छापलेले फलकच हवेत) ते खिडकीशी बसतात आणि सकाळचाच पेपर दुपारी पुन्हा वाचतात. काहीही विचारलं तरी "बघू" म्हणतात. मला ते बघवत नाही. पण या पत्राचा विषय तो नाही. विषय असा की मी कारखानदार झाले.

झालं असं की आमच्या अर्थशास्त्राच्या बाईंनी (आम्ही त्यांना मागणीबाई म्हणतो, कारण मागणी हा शब्द आल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही) प्रत्येकाला एक छोटा उद्योग करून दाखवायला सांगितला. त्याच आठवड्यात हेडसरांनी फर्मान काढलं की तपासणीला येणाऱ्या प्रत्येक वहीला नवंकोरं कव्हर हवं. इतर मुलं सरबत विकायला निघाली होती, पण मला मागणी समोर दिसत होती. अख्ख्या वर्गाच्या वह्यांना कव्हरं घालायचं काम मी एकटीनेच घेतलं. (याला मक्तेदारी म्हणतात.) मोबदला म्हणून दर वहीमागे एक न तासलेली पेन्सिल ठरवली. आता घरात पेन्सिली इतक्या झाल्यात की त्यांना कुत्रं विचारत नाही. पुरवठा वाढला की असंच होतं म्हणे.

उत्पादनाला भूमी, श्रम, भांडवल आणि उद्योजक लागतो. भूमी म्हणजे आमचं जेवायचं टेबल, भांडवल म्हणजे खाकी कागदाची गुंडाळी, आणि उद्योजक मी. श्रम घरात आयतेच बसले होते. मी लगेच श्रमविभागणी केली: एकाने एकच काम करायचं, दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही. आजोबांनी जुनी कव्हरं काढून नवी कापायची. (त्यांचा जन्म शिंपीकामात गेला, त्यामुळे प्रत्येक कव्हर दोन बोटं मोठं. मूल वाढतं, पुढच्या वर्षीही होईल, असं त्यांचं म्हणणं. वही वाढत नाही हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.) आईने घड्या घालायच्या. तिचा कोणाशी वाद झालेला असला की घडी फार सुंदर बसते, म्हणून मी अधूनमधून तिच्या पदार्थांना नावं ठेवत राहिले. लेबलांचं खातं बाबांचं. आधी ते "बघू" म्हणाले. मग मी नावांची यादी त्यांच्यासमोर ठेवून निघून गेले. परत येऊन पाहते तर रंगांचा डबा उघडलेला आणि बाबा ब्रश धुतायत! आत्या, काय लेबलं केली त्यांनी! प्रत्येक अक्षराला सावली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचं नाव तर असं उठून दिसत होतं की जणू तो एखादी पेढीच चालवतो. ते पाहून बाबा स्वतःच मोठ्याने हसले. मी आणि आई एकमेकींकडे बघतच राहिलो.

आता थोडंसं चुकलं ते सांगते. जुन्या कव्हराबरोबर वहीवरचं नावही टोपलीत जातंय हे आजोबांना दिसत होतं, पण नावं हे त्यांचं खातं नव्हतं. आतलं अक्षर आईला दिसत होतं, पण अक्षर हे तिचं खातं नव्हतं. आणि बाबांनी, गठ्ठ्यात जी वही वर येईल तिच्यावर, यादीतलं पुढचं नाव चिकटवलं. मी तयार गठ्ठा थेट शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या पेढीवाल्याला भूमितीत शाब्बासकी मिळाली आणि पहिला नंबर काढणारी मुलगी वर्गाबाहेर उभी राहून रडली. मग खरी वही सापडली आणि पेढीवालाही रडला.

संध्याकाळी अख्खा वर्ग आमच्या दारात. सगळे एकदम बोलत होते. हुशार मुलीच्या वहीवर चौघांनी हक्क सांगितला आणि एका भयंकर अक्षराच्या वहीला कोणी वालीच नव्हता. (ती माझी होती. योग्य वेळी मी ती सरकवून घेतली.) मी जरा मोरीत जाऊन तोंड धूत बसले. बाबांनी मात्र एकेकाला शेजारी बसवलं, एक ओळ लिहून घेतली, अक्षर ताडून पाहिलं आणि नवं लेबल लावलं. सगळे गेल्यावर त्यांनी एक पाटी रंगवली आणि टेबलासमोर टांगली: आधी आत बघा, मग लेबल लावा. मागणीबाईंनी या प्रकरणाचा वर्गात खास उल्लेख केला. कसा केला ते महत्त्वाचं नाही.

तुझी,
कारखानदार भाची

ता. क. तुझ्या खोक्यांच्या कारखान्यात माल भलत्याच पत्त्यावर जातो, पाठवणीच्या खात्यावर भरवशाचा माणूस मिळत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. बाबांना घे ना. अशी चूक ते या जन्मात पुन्हा करणार नाहीत. शिकवण्याचा खर्च आमचा झाला, फायदा तुझा. असा सौदा कोण सोडतं? आणि आत्या, ते पुन्हा खिडकीशी बसायला लागलेत.

ता. क. आणखी एक. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. धाकट्या भावाने बहिणीकडे काम मागायचं नसतं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आहे. तुलाच सुचलं अशा थाटात फोन कर. पाकिटावर पत्ता घालायला पत्र त्यांच्याकडेच देतेय, पण काळजी नको. दुसऱ्याच्या खात्यात ते नाक खुपसत नाहीत.

ताई, पत्ता घालण्याआधी आत बघितलं. पाटी समोरच टांगली आहे. फोन करू नकोस, सोमवारी मीच येतो. ब्रश बरोबर आणतोय. कारखानदारबाईंना मात्र सांग, की तुलाच सुचलं.