कोण काका?

क्वेकर्स हिल, सिडनी
३ ऑगस्ट २०२५

शैलेंद्र,

नमस्कार. 'दादा' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही.

तुझी तब्येत बरी असेल. लंडनच्या उन्हाळ्याचं कौतुक वाचलं. इथे थंडी आहे, गुडघे कुरकुरतात. नात अनुष्का युनीत इतिहास शिकते. तुझं निमंत्रण वाचून म्हणाली, "आजी, सो कूल! तुमच्या घरी प्रेसिडेंट यायचा?"

यायचा. थालीपीठ खायला.

तर म्वेंदांची जन्मशताब्दी वेंटवर्थव्हिलच्या हॉलमध्ये. तुंडाली देश सोडून इकडे आलेली सगळी जुनी मंडळी जमणार आणि तू मुख्य वक्ता. मी बाबांचा त्यांच्याबरोबरचा फोटो घेऊन तुझ्या शेजारी बसायचं. भाषणाचा मसुदा वाचला. 'शाळामास्तर, कामगार पुढारी, कैदी, राष्ट्रपिता.' छान. 'तहहयात अध्यक्ष' आणि 'लष्कराने पळवून लावलेला म्हातारा' हे जागेअभावी राहिलं असेल.

आणि शेवट काय, तर 'आमच्या वडिलांना ते काका म्हणत.'

म्हणत. इंग्रजांच्या कोर्टात बाबांनी त्यांचा खटला लढवला तेव्हापासून. बाबांना वाटे, आपल्या घरातला मराठी शब्द पोराने उचलला. स्वातंत्र्याच्या सभेत "हे माझे काका" म्हणत त्यांनी बाबांकडे हात केला, तेव्हा मैदानभर टाळ्या पडल्या, कारण तिथल्या भाषेत काका म्हणजे भाऊ. बाबांचे डोळे भरून आले. मी कॉन्व्हेंटच्या मुलींबरोबर नवं राष्ट्रगीत म्हणायला उभी होते. मीही रडले. त्या दिवशी तो माणूस खरा होता, हे मी आजही नाकारत नाही.

मग देशात एकच पक्ष उरला. बाबांनी त्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं आणि त्यांना उचललं. आई म्हणाली, "काका म्हणतो ना? जा, सांग त्याला." मी गेले. तुझ्या मसुद्यात ती सकाळ नाही.

अध्यक्षांच्या बंगल्याच्या पायऱ्यांवर मी म्हटलं, "सर, तुमचे काका तुरुंगात आहेत. त्यांना इन्सुलिन मिळत नाही."

"कोण काका?" म्वेंदा म्हणाले. "माझ्या देशात प्रत्येक माणूस माझा काका आहे, बाई."

भोवतालचे हसले. मागे फाइल धरून त्यांचा तरुण सचिव उभा होता. तोही हसला.

तो तू.

बाबा घरी आले ते चौघांच्या खांद्यावरून.

नोकरी होती, भीती होती, सगळं समजतं मला. इतकी वर्षं समजूनच घेते आहे. तू हसला नसतास तरी बाबा सुटले नसते. पण हसायला तुला कोणी सांगितलं नव्हतं.

फोटो मिळणार नाही. मी मात्र येणार आणि पहिल्या रांगेत बसणार. तू 'काका' म्हणालास की उभी राहून विचारीन, "कोण काका?" लोक हसतील, पूर्वीसारखेच. तू काय करायचं ते तुझं तू ठरव. तोंड उघडून खरं सांगितलंस, तर तिथेच सगळ्यांसमोर दादा म्हणेन.

तोवर, तिथल्या भाषेत काका नसलेली,

श्यामला