अडकित्त्याचं टोक

मंगळवार, संध्याकाळ. भोकरदन

आज मी मुद्दाम काच फोडली आणि घरात कुणीच काही बोललं न्हाई.

दिवाळीत माझ्या हातून सासूबाईंचा अडकित्ता निसटला, काचेच्या टीपॉयच्या कोपऱ्यावर पडला आणि अख्ख्या टीपॉयचा चुरा झाला. तेव्हापासून मला चहा स्टीलच्या पेल्यात. "हिच्या हातात काच टिकत न्हाई," असं येईल त्याला सांगून झालं.

आज पिंपळगावला रेणुकाईचं दर्शन घेऊन निघताना नणंदेची दोन वर्षांची चिऊ गाडीत अडकली. चावी आत, दारं लॉक, वरून ऊन. पोरगी रडून रडून लाल झाली. जावईबापूंनी प्रसादाचा नारळ काचेच्या मधोमध हाणला. तीनदा. नारळ फुटला, काच तशीच. मंग ते दगड शोधायला पळाले.

मला टीपॉय आठवला. त्याच्यावर मधोमध रोज खलबत्ता आदळायचा, कधी तडा गेला न्हाई. फुटला तो कोपऱ्यावर, एवढ्याशा टोकानं. खात्री होती का? बिलकुल न्हाई.

"आत्याबाई, अडकित्ता द्या."

सासूबाईंनी बटव्यातून काढून दिला. मी चिऊपासून लांबची खिडकी पाहिली, खालच्या कोपऱ्यात टोक हाणलं. दुसऱ्या फटक्यात काचेची ज्वारी झाली. पोरीला खरचटलंसुद्धा न्हाई.

घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः चहा आणला. काचेच्या कपात, बशीसकट.

मी जपून धरला, तर म्हणाल्या, "पी निवांत. फुटला तर फुटला."