‘बुजले’ असे मीच सांगितले

बुधवार, ४ फेब्रुवारी
विहीणबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आहेत : सोमवारी दुपारी सिझेरियनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सुई टोचली, म्हणून सुनेची ही गत झाली. वृत्त चुकीचे आहे. मंगळवार होता, सकाळचे सव्वादहा. सुई पाठीत एकदाच टोचली. तशी नोंद मी स्वतः वाचली. रक्तदाब एकदम कोसळला, ओठ निळे पडले. नात सुखरूप. माझी वसुधा बोरिवलीहून अंधेरीच्या मोठ्या रुग्णालयात, यंत्राच्या श्वासावर.

गुरुवार, ५
विहीणबाई माझ्या जावयाला, संदेशला : “केस कर रे त्या बाईवर. चांगली चालत गेली होती आत पोर.”
संदेश मला म्हणाला, “बाबा, तक्रार तुम्हीच लिहा ना. तुमच्यासारखं मुद्देसूद आमच्यात कोणाला जमणारे?”
बरे, म्हणालो. कागद घेऊन बसलो. ‘माझी कन्या पूर्णपणे निरोगी असताना’ इथवर लिहिले.

शनिवार, ७
डॉक्टरीणबाई वसुधाला पाहायला आल्या होत्या. वयाने तिच्याएवढ्याच. जिन्यात थांबल्या.
“काका, छातीत आवाज येत होता, म्हणून मी बाहेर येऊन तुम्हाला विचारलं ना? हृदयाचं जन्मापासून काही होतं का? बाळाचे ठोके पडत होते, तपासण्या करत बसायला वेळ नव्हता. हो म्हणाला असतात, तर भुलेचा सगळा डोस एकदम दिला नसता मी. थोडा थोडा, जपून दिला असता.”
तेव्हा विहीणबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हणालो होतो, “छे, कधीच काही नव्हते.”

रविवार, ८
मुलुंडला घरी. कपाटातून फाईल काढली. हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र. शेवटच्या कागदावर : छिद्र कायम, दरवर्षी दाखवावे.
घाटकोपरचे स्थळ ह्या छिद्रापायी मोडले. पुढचे येण्याआधी मी घरात जाहीर केले, बुजले. मिटलेला विषय आता कोणी काढू नये. वसुधाला खोटे बोलणे कधीच जमले नाही, म्हणून तिलाही तेच सांगितले. तिने मजल्यावर पेढे वाटले.
सातव्या महिन्यात म्हणाली होती, “बाबा, दोन जिने चढले तरी धाप लागते हो.” मी म्हणालो, गरोदरपणात लागायचीच.

सोमवार, ९
तक्रार लिहिली नाही. तो कागद फाडला. खऱ्या तारखा तेवढ्या दुसऱ्या कागदावर लिहिल्या. फाईलसह संदेशच्या हाती द्यावयाच्या.

निदान : वसुधा सहा वर्षांची, पहिलीत.
शेवटची तपासणी : एकविसाव्या वर्षी. पुढे मी नेले नाही.
छिद्र बुजल्याची तारीख : अशी तारीख नाही.
३ फेब्रुवारी, सकाळी दहा : डॉक्टरीणबाईंनी विचारले. मी नाही म्हणालो.
३ फेब्रुवारी, सव्वादहा : भूल.
वसुधा शुद्धीवर आली :
९ फेब्रुवारी : संदेश अकरा वाजता येतो. अकराला पाच मिनिटे आहेत.