परतीचा धोंडा

१४ नोव्हेंबर २०१८, शिरूर कासार
स्वतःच्या ट्रकने पहिली खेप मारली! आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. आता हा युसूफ वडगाव गावचा निवृत्ती ड्रायव्हर कुणाच्या हुकमाचा ताबेदार नाही. इथल्या सहकारी सोसायटीने गावोगाव धान्य, खत, पेंड पोचवायचं काम दिलंय. आज माळेवाडीत पेंडीची पोती उतरवली. दुष्काळामुळे निम्मं गाव कुलूप लावून ऊसतोडीला गेलंय. राहिलेल्या म्हाताऱ्यांनी चहा पाजला. बायको ना पोर, एकटा जीव सदाशिव. मजेत आहे.

फक्त गोदामाचे त्रिंबकअण्णा डोकं खातात. माळेवाडीहून येताना हौद्यात एक मोठा धोंडा टाकायचा म्हणे, रिकामी गाडी आणायची नाही. सगळे ड्रायव्हर मुकाट्याने आणतात. गोदामामागे ढीगच लागलाय. डिझेल माझं, टायर माझे, मी कशाला धोंडे वाहू? रिकामाच आलो.

१७ नोव्हेंबर
नुसता वैताग. माळेवाडीहून निघालो की भर दुपारी रिकामी गाडी चढाला दम टाकते. पंप पाहिला, फिल्टर बदलला. सर्जेराव मिस्त्री म्हणाला, स्प्रिंगचे पाटे दबलेत, हौद्यात काय भरलंस? काहीच नाही! त्रिंबकअण्णांना दाखवायला हौद्याचा मागचा फाळका उघडला तर ते चार पावलं मागे सरले. तिला उतरव बाबा, एवढंच म्हणाले आणि गेले. कुणाला? नीट सांगतील तर शपथ.

२० नोव्हेंबर
शेवटी माळेवाडीच्या कडूबाईंनी सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मागं एका दुष्काळात गावातल्या पारूचा नवरा मेला. टोळी नेणाऱ्या मुकादमाने, अर्धा कोयता नको म्हणून, तिला ट्रकमध्ये चढू दिलं नाही. पुढच्या गाडीची वाट बघत ती फाट्यावरच्या लिंबाखाली बसून राहिली आणि तिथंच गेली. आता रिकामी गाडी दिसली की चढते. धोंडा असला की तिला गाडी भरलेली वाटते.

मला हसू आलं. त्या म्हणाल्या, "हसू नकु लेकरा. बायकू हाय का तुला?" नाही म्हटलं, तर त्यांनी तोंडाला पदर लावला.

तरी चिडत चिडत धोंडा टाकला. शिरूरला येऊन पाहिलं, धोंडा नव्हता. फाळका बंद होता.

२२ नोव्हेंबर
केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर, गंजका कोयता. कोरड्या विहिरीत फेकला. ही गाडी माझी आहे. मी ओरडून सांगितलं, उतर. रस्त्यावरची माणसं बघत राहिली.

२३ नोव्हेंबर
कोयता परत आलाय. पाजळलेला. जवळ फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. गरम.
भीती वाटते. पहिल्यांदा लिहितोय हे.

२४ नोव्हेंबर
गाडी विकून टाकावी— पण का? मी का—
स्टिअरिंग ऐकत नाही. शिरूरचा फाटा मागे गेला. ब्रेक लागत नाही.

दुपार
गाडी आपोआप थांबली. चहूकडे ऊस. दार उघडत नाही. माझ्या तळहातांना घट्टे पडलेत, कोयत्याचे— मी कधी कोयता धरला नाही—
मागच्या काचेवर टकटक. लाजऱ्या आवाजात म्हणते, अवं, उतरा, फड आला.
बाहेर मुकादम उभा आहे. विचारतोय, पुरा कोयता हाय का. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्याच तोंडून निघालं, व्हय, पुरा—