घरामागच्या उताराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते फिरवण्याचं काम घरचे रोज करतात, तरीही.

कलम १. घर आणि दुकान मुलगा व सून यांना निम्मं निम्मं. हत्यारं सुनेला, मुलगा पाना घेतो तो जागेवर ठेवत नाही.

कलम २. घरामागचा चार एकरांचा उतार, आणि त्यावर मी अठरा वर्षं कुदळीने काढलेली सायकलची मातीची वाट, एकट्या सुनेला. मुलाने रुसू नये. माझ्या साठीला त्याने तिसऱ्या वळणावर गुपचूप सिमेंट ओतलं. वर म्हणाला, "आई, तुझ्या गुडघ्यांना हादरे नकोत म्हणून केलं गं." त्या गुळगुळीत तुकड्यावर माझं चाक घसरलं आणि मी थेट काट्यांत. सिमेंट फोडायला दोन महिने गेले. माती चाक धरून ठेवते, हे सायकलवालीच्या पोराला सांगावं लागतं.

कलम ३. माती ओली असेल तेव्हा वाटेच्या तोंडाशी दोरी बांधावी आणि दोन दिवस कोणाला उतरू देऊ नये, नाहीतर चाकोऱ्या पडतात. दोरी ओलांडणाऱ्यांत माझे धाकटे दीर नेहमी पहिले. त्यांना माझं फावडं द्यावं. बाकी काही नाही.

कलम ४. मुलाची बारीक टायरची सायकल त्याच्या मालकीची आहे, म्हणून वाचली. त्याचे वडील तसल्याच सायकलवर हायवेच्या कडेने, आपल्या बाजूने, नियमाने चालले होते. ट्रकवाल्याने पाहिलं नाही. पुढच्या वर्षी मी कुदळ हातात घेतली, ती या पोरासाठी. तो म्हणतो, "तुझ्या वाटेवर वेग कुठे मिळतो? नुसतं गोल गोल." तिथेच त्याचं मनगट मोडलं, हेही दर वेळी ऐकवतो. मोडलं, मान्य. प्लास्टर घालून घरी आला, जेवला आणि माझ्याशी भांडला.

रस्त्यावर सायकल घालणार नसेल तरच घर मिळेल, अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "घाला की. पण तो पाळतोय का, हे बघायला तुम्ही कुठे असणार?" पालथ्या घड्यावर पाणी. अट खोडली.

कलम ५. मुलगा माझ्याआधी गेला तर त्याचा हिस्सा कोणाला, हे लिहावं लागतं म्हणे. वकीलबाईंनी तीनदा विचारलं. नवऱ्याच्या वेळचे सगळे कागद मी निमूटपणे भरले होते. हे कलम मी लिहिणार नाही. कोरंच राहील.

सही : (सायकलवाली)

साक्षीदार १ : मनगट बसवणारे हाडांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : समोरच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च, रविवार