एम साईजचा सूड

३ एप्रिल, सकाळ
मालकाने, होतिमीरने, आज वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत जाहीर केलं. नवीन लास्तोव्का एम आणि एल, दोनच साईजमध्ये निघणार. हे पॅराग्लायडर ना शिकाऊंचं, ना शर्यतवाल्यांचं, मधल्या पायलटांचं. आणि मधल्या पायलटांना म्हणे पोटं असतात. म्हणून एस बंद.
एसचा टेस्ट पायलट मी. अकरा वर्षं. हार्नेस-हेल्मेट धरून चौऱ्याहत्तर किलो.
एम क्लाव्दी उडवणार. क्लाव्दी म्हणजे होतिमीरचा मेहुणा. वजन ब्याण्णव, त्यात अक्कल धरलेली नाही. कट त्याचाच. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, व्हेन्को, मनाला लावून घेऊ नकोस रे.
लावून घेतलंय.

३ एप्रिल, दुपार
योजना तयार. एमला ऐंशी ते शंभर किलो लागतात. मी एम उडवणार. क्लाव्दीपेक्षा चांगला. मग तो बसेल वर्कशॉपमध्ये ग्लायडरच्या दोऱ्या मोजत.

९ एप्रिल
हार्नेसमध्ये वीस लिटर पाणी भरून कोबालाच्या डोंगरावरून उडालो. उड्डाण उत्कृष्ट. उतरताना थोडा बसलो. पिशवी फुटली. क्लाव्दीने माझी भिजलेली पँट पाहिली आणि टॉवेल आणून दिला. लक्षात ठेवलंय.

१० एप्रिल
उसनं वजन कामाचं नाही. अंगचं हवं. आजपासून आईकडे जेवण.

२ मे
एकोणऐंशी! फ्रिका दोन्ही वेळा. त्यातलं चीज आई मोजत नाही, बटाटेही नाही. शिलाई मशीनवरची झोफ्का म्हणाली, गाल वर आलेत की, लग्न ठरलं काय? म्हटलं, सूड ठरलाय. ती म्हणाली, मग जरा पालेभाजीपण खात जा.

३० मे
त्र्याऐंशी. पँटचं बटण लागत नाही. बटण जुनंच होतं.

२० जून
क्लाव्दी सारखा फोनवर. इंग्रजीत. आज माझं नाव दोनदा ऐकलं. मी आत जाताच फोन ठेवला आणि हवामानाबद्दल बोलायला लागला. चोराच्या मनात चांदणं. बेकरीतून पोतीत्सा, अक्रोड भरलेला गोड पाव, आणली. अख्खी संपवली. रागाने.

११ जुलै
अठ्ठ्याऐंशी! थेट होतिमीरकडे गेलो. म्हटलं, एम मला द्या, मेहुण्याला घरी बसवा. त्याने मला हार्नेससकट काट्यावर उभं केलं. मग काटा बिघडलाय का बघायला स्वतः उभा राहिला. मग डोकं धरून म्हणाला, सोमवारपर्यंत थांब.
म्हणजे क्लाव्दी गेला! जिना चढताना धाप लागली, ती आनंदाने.

१४ जुलै, सोमवार
कोरियाच्या डीलरने चाळीस एस मागवल्यात. एस सुरू.
होतिमीर म्हणाला, क्लाव्दी तीन महिने त्या लोकांच्या मागे लागला होता. त्यांना सांगायचा, तुमचे पायलट हलके, आणि आमच्या व्हेन्कोसारखा एस जोखणारा माणूस शोधून सापडणार नाही. होतिमीरला सांगायचा, एस नाही निघाली तर व्हेन्को कुठे जाईल? मला उगीच आशा लागू नये म्हणून दोघे गप्प होते.
एसला कमाल ऐंशी किलो. होतिमीरने विचारलं, परवा टेस्ट आहे, किती उतरवशील? म्हटलं, आठ. तो म्हणाला, परवापर्यंत? मग झोफ्काला हाक मारली. ती दर रविवारी उडते हे मला माहीतच नव्हतं.

१६ जुलै
कालपासून नुसतं सूप. पाव त्यात बुडवला, तो सूपमध्येच धरला.
झोफ्काने एस उडवली. वळणं सुरेख घेतली. अहवालात मी लिहिलं असतं ते सगळं तिने लिहिलं, शिवाय डाव्या ब्रेकबद्दल एक गोष्ट, जी मला सुचली नसती. होतिमीर म्हणाला, आता एस तिचीच.
क्लाव्दी माझ्या शेजारी गवतात बसला होता. म्हणाला, माझंच चुकलं रे, तुला आधी सांगायला हवं होतं. डबा पुढे केला. त्याच्या बायकोने माझ्यासाठी चीज भरलेली श्त्रुकली दिली होती. खाल्ली.
त्याचा राग यावा म्हणून दुपारभर प्रयत्न केला. आला नाही.